दुर्मीळ की नुसतीच महाग? जुन्या व्हिडिओ गेमचा रास्त भाव काढण्याची रीत

रविवारची सकाळ, पुण्याचा जुना बाजार. गोणपाटावर चार्जर, रिमोट आणि तुटक्या कॅल्क्युलेटरांचा ढीग. त्या ढिगात काडेपेटीपेक्षा जराशी मोठी, पारदर्शक हिरवी कॅसेट दिसली: निन्टेन्डोच्या हातात धरून खेळायच्या गेम बॉय ॲडव्हान्स यंत्रावरचा 'पोकेमॉन एमराल्ड' हा खेळ. विकणारा म्हणाला, "दादा, रेअर पीस आहे, अठराशे लागतील." घासाघीस करून चौदाशेला घेतली आणि घरी येईपर्यंत माझे पाय जमिनीवर नव्हते. तीन आठवडे रोज रात्री खेळलो. शेवटच्या चार प्रतिस्पर्ध्यांना हरवलं, गेम सेव्ह होता होता पडदा पांढरा पडला, आणि परत चालू केला तर सगळं कोरं. कॅसेट डुप्लिकेट होती.

'रेअर' हा शब्द कानावर पडला आणि मी पुढचं काही विचारलंच नाही. हातात नेमकं काय आहे, ते खरं आहे का, आणि तसाच नग दुसऱ्या कोणी किती पैसे मोजून नेला, हे तीन प्रश्न तेव्हा विचारले असते तर ते तीन आठवडे वाचले असते. पुढे हा छंद वाढला. कोणी पुण्यातून, कोणी ठाण्यातून, कोणी न्यू जर्सीतल्या गराज सेलमधून फोटो पाठवून "हे घेऊ का?" असं विचारू लागलं. प्रत्येकाला मी जे सांगतो ते इथे ओळीने मांडतो आहे. ओळ महत्त्वाची आहे, कारण भाव सगळ्यात शेवटी येतो.

पायरी १: 'दुर्मीळ' आणि 'महाग' यांची गाठ सोडवा

किती प्रती शिल्लक आहेत, यावरून वस्तू दुर्मीळ ठरते. किती जणांना ती हवी आहे आणि ते किती मोजायला तयार आहेत, यावरून ती महाग ठरते. या दोन गोष्टी एकत्र येतातच असं नाही, आणि नवा माणूस फसतो तो बहुतेक इथेच.

निन्टेन्डोच्या पहिल्या 'लेजंड ऑफ झेल्डा'ची सोनेरी कॅसेट बघा. हातात घेतली की खजिना सापडल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात हा खेळ जगभर लाखांनी विकला गेला आणि सोनेरी कॅसेट सहज मिळते. नंतर याच खेळाची साध्या करड्या रंगाची आवृत्ती निघाली, ती सोनेरीपेक्षा कमी दिसते. डोळ्यांना दिपवणारा नग इथे सामान्य आहे आणि मळकट दिसणारा कमी आढळणारा.

'अर्थबाउंड'ची गोष्ट वेगळी. टीव्हीला जोडायच्या सुपर निन्टेन्डो यंत्रावरचा हा खेळ अमेरिकेत १९९५ साली आला तेव्हा फारसा चालला नाही, पण शोधला तर तो आजही मिळतो. तरी महाग आहे, कारण पुढच्या पिढीने त्याला डोक्यावर घेतलं. तो मोठ्या खोक्यात, मार्गदर्शक पुस्तकासह विकला गेला होता आणि त्या पुस्तकात खरवडल्यावर वास येणारी कार्डं होती. लहान मुलांनी कार्डं खरवडली, खोकी टाकून दिली. त्यामुळे सुटी कॅसेट महाग आहे, पण सगळ्या साहित्यासकटचा नग तिच्या कैक पट. दुर्मीळ काय असेल तर ते खोकं.

आता 'स्टेडियम इव्हेंट्स'. मला हे उदाहरण सगळ्यात आवडतं, कारण त्यात सगळी गुंतागुंत आहे. बान्डाई कंपनीने हा खेळ पायाने दाबायच्या चटईसाठी काढला. निन्टेन्डोने त्या चटईचे हक्क घेतले, तिला 'पॉवर पॅड' असं नाव दिलं आणि हाच खेळ १९८८ मध्ये 'वर्ल्ड क्लास ट्रॅक मीट' म्हणून पुन्हा बाजारात आणला. जुन्या नावाच्या प्रती अमेरिकेतल्या दुकानांतून मागे घेतल्या गेल्या, त्याआधी मोजक्याच विकल्या गेल्या होत्या. आज अमेरिकी 'स्टेडियम इव्हेंट्स' हजारो डॉलरांना जातो. 'वर्ल्ड क्लास ट्रॅक मीट' मात्र किरकोळ पैशांत मिळतो, खेळ तोच असून. आणि 'स्टेडियम इव्हेंट्स' याच नावाने युरोपात विकलेली आवृत्ती अमेरिकी आवृत्तीपेक्षा कितीतरी जास्त आढळते, म्हणून तिचा भावही बराच खाली. नाव तेच, खेळ तोच, फरक फक्त देशाचा.

मोजून दुर्मीळ म्हणावेत असे नग फार थोडे. १९९० च्या 'निन्टेन्डो वर्ल्ड चॅम्पियनशिप्स' स्पर्धेच्या ९० करड्या कॅसेट अंतिम फेरीच्या खेळाडूंना मिळाल्या आणि २६ सोनेरी कॅसेट एका मासिकाच्या स्पर्धेतून वाटल्या गेल्या. मिळून ११६. आकडा एवढा स्पष्ट असेल तिथे 'दुर्मीळ' शब्दाला वजन आहे. बाकी ठिकाणी तो शब्द विकणाऱ्याच्या तोंडी असेल तर कानाआड करा.

उलटी बाजूही आहे. १९८३ मध्ये अटारी या अमेरिकी गेम कंपनीने न खपलेला माल न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाच्या कचरा डेपोत पुरला. त्यात 'ई. टी.' या खेळाच्या कॅसेटही होत्या. २०१४ मध्ये तिथे खोदकाम झालं, सुमारे तेराशे कॅसेट वर आल्या आणि गावाने त्यातल्या बऱ्याच प्रमाणपत्रासह विकून एक लाख डॉलरांहून जास्त रक्कम उभी केली. चेपलेल्या, मातीने माखलेल्या कॅसेटला शेकडो डॉलर मिळाले. तोच खेळ एखाद्याच्या कपाटातून धडधाकट निघाला तर त्याला काही डॉलर मिळतात. त्या शेकडो डॉलरांत कॅसेटचा वाटा थोडा, प्रमाणपत्राचाच मोठा.

पायरी २: हातात नेमकं काय आहे ते लिहून काढा

भाव शोधण्याआधी कागदावर चार गोष्टी उतरवा: कोणत्या यंत्रावरचा, कोणत्या देशासाठीचा, कोणती आवृत्ती, आणि सोबत काय काय आहे.

देश ओळखायला लेबलवरचा क्रमांक पुरतो. अमेरिकी 'पोकेमॉन एमराल्ड'वर 'एजीबी-बीपीईई-यूएसए' असं छापलेलं असतं, त्याचा शेवटचा तुकडा देश सांगतो. युरोपच्या मालावर बहुधा 'ईयूआर' असतं. प्लेस्टेशनच्या डिस्कवर 'एसएलयूएस' असेल तर अमेरिका, 'एसएलईएस' असेल तर युरोप, 'एसएलपीएस' किंवा 'एसएलपीएम' असेल तर जपान. प्लेस्टेशनचा अधिकृत माल आपल्याकडे बहुतांशी युरोपच्या जातीचा आला, त्यामुळे मुंबईत मिळालेल्या डिस्कचा भाव अमेरिकी यादीत बघितला तर हिशेब चुकतो. कधी आपल्या फायद्याचा, कधी तोट्याचा.

जपानी माल बहुतेक वेळा स्वस्त पडतो. टोकियोच्या अकिहाबारात 'सुपर पोटॅटो'सारखी दुकानं आहेत, ओसाकात डेन डेन टाउन हा बाजार आहे, आणि जुना माल विकणाऱ्या 'हार्ड ऑफ'च्या शाखांत न तपासलेल्या मालाच्या टोपल्या ठेवलेल्या असतात. कामानिमित्त जपानला जाणारे आपले आयटीतले मित्र तिथून पिशव्या भरून आणतात. मात्र ज्या खेळात वाचायला खूप असतं तो जपानी येत नसेल तर शोभेलाच ठेवावा लागतो, आणि म्हणूनच इंग्रजी आवृत्ती महाग असते. मारधाड, उड्या, गाड्यांच्या शर्यती यांना भाषा लागत नाही. असे खेळ जपानी घ्या, पैसे वाचवा.

आवृत्तीबद्दल थोडक्यात: 'प्लेयर्स चॉइस', 'ग्रेटेस्ट हिट्स', 'प्लॅटिनम' असा पट्टा खोक्यावर असेल तर ती नंतरची, जास्त खपलेली छपाई, आणि ती बहुधा पहिल्या छपाईपेक्षा स्वस्त. नुसतं खेळायचं असेल तर हीच घ्यावी.

सोबतच्या साहित्याचे तीन वर्ग जगभर मानले जातात: सुटी कॅसेट किंवा डिस्क, खोकं आणि पुस्तिकेसह पूर्ण नग, आणि सीलबंद. या तिघांचे बाजार इतके वेगळे आहेत की एकाचा भाव दुसऱ्याला लावणं म्हणजे रिकाम्या प्लॉटचा भाव बंगल्याला लावणं. 'सुपर मारिओ ब्रदर्स' जगात चार कोटींहून जास्त खपला. त्याची सुटी अमेरिकी कॅसेट दहा-पंधरा डॉलरच्या आसपास मिळते. त्याचीच एक सुरुवातीच्या छपाईची सीलबंद, गुणांकन केलेली (म्हणजे अवस्था तपासून गुण दिलेली) प्रत एप्रिल २०२१ मध्ये ६ लाख ६० हजार डॉलरांना लिलावात गेली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दुसरी एक २० लाख डॉलरांना विकली गेली. या बातम्या वाचून माळ्यावरची कॅसेट लाखाची समजू नका. त्या व्यवहारांत सील, गुणांकन आणि त्या वर्षीची चढाओढ यांचे पैसे होते, आणि पुढे या थरातले अनेक भाव खाली आले.

पायरी ३: खरं की डुप्लिकेट

ही पायरी मी सगळ्यात सावकाश करतो. गेम बॉय, गेम बॉय ॲडव्हान्स, त्यांच्यानंतरचं हातातलं यंत्र डीएस आणि सुपर निन्टेन्डो यांवरचे लोकप्रिय खेळ आज इतके नकली बनतात की महाग नग खरा आहे हे सिद्ध होईपर्यंत तो खोटाच धरावा.

माझी हिरवी कॅसेट पुढ्यात ठेवूनच सांगतो, ती अजून माझ्याकडे आहे.

आधी लेबल. खऱ्या गेम बॉय ॲडव्हान्स कॅसेटच्या लेबलावर छापल्यानंतर दाबून उठवलेला बारीक आकडा असतो, दोन अंकी, कधी त्यापुढे एक अक्षर. तो शाईचा नसतो, त्यामुळे सरळ बघितलं तर दिसत नाही. कॅसेट उजेडात तिरकी धरली की उमटतो. माझ्या कॅसेटचं लेबल सपाट आहे, आकड्याचा पत्ता नाही. छपाईही बघा: भिंगाखाली खऱ्या लेबलावरची बारीक अक्षरं काठाला स्वच्छ असतात, स्कॅन करून छापलेल्यावर ती पसरलेली दिसतात.

मग तोंड. कॅसेट ज्या बाजूने यंत्रात जाते त्या फटीत मोबाइलचा टॉर्च मारा. पितळी पट्ट्यांच्या वर, आतल्या सर्किटच्या पट्टीवर, खऱ्या कॅसेटमध्ये निन्टेन्डोचं नाव छापलेलं दिसतं. माझ्या कॅसेटमध्ये तिथे कोरी हिरवी पट्टी आहे. हे एवढं बघायला दहा सेकंद लागतात आणि ते त्या रविवारी गोणपाटापुढे उकिडवं बसूनही बघता आलं असतं.

तिसरी खूण बॅटरीची, आणि ती ऐकून लोक चक्रावतात. पोकेमॉनच्या 'रुबी', 'सफायर' आणि 'एमराल्ड' या तिघांच्या आत घड्याळासाठी सीआर१६१६ जातीचा बटणसेल असतो. वीस वर्षांनी तो संपतोच, आणि खेळ सुरू होताना आतली बॅटरी संपली आहे पण खेळता येईल, असा संदेश येतो. विकणारा तो संदेश दाखवून ओशाळत असेल तर घाबरू नका, खऱ्या जुन्या कॅसेटवर तो येतोच; पण नुसत्या संदेशावरून ती खरी धरू नका. या तिन्ही खेळांत सेव्ह बॅटरीवर नसतो, त्यामुळे सेव्ह जात नाही. 'गोल्ड', 'सिल्व्हर' आणि 'क्रिस्टल' या आधीच्या तिघांत मात्र सेव्ह आणि घड्याळ दोन्ही एकाच सेलवर चालतात. तिथे मेलेला सेल म्हणजे सेव्ह बंद. तो डाग देऊन बदलावा लागतो, कारागिराचे पैसे भावातून वजा करा.

डीएसवरच्या पोकेमॉन 'हार्टगोल्ड' आणि 'सोलसिल्व्हर'च्या खऱ्या कॅसेट काळ्या असतात, कारण त्यांत इन्फ्रारेडची सोय आहे. जोराच्या उजेडापुढे धरल्या की गडद लालसर झळकतात. नेहमीच्या करड्या डीएस कॅसेटवर 'हार्टगोल्ड'चं लेबल दिसलं की पुढे काही बघू नका.

कॅसेट उघडता आली तर उघडाच. जुना गेम बॉय, सुपर निन्टेन्डो आणि निन्टेन्डो ६४ यांच्या कॅसेटना ३.८ मिमीचा खास स्क्रू असतो, गेम बॉय ॲडव्हान्सला तीन पात्यांचा. त्यांना बसणारे स्क्रू ड्रायव्हरचे बिट ऑनलाइन किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला मिळतात. आत खऱ्या पट्टीवर कंपनीचं नाव, वर्ष आणि चिपांवर नीट छापलेले क्रमांक असतात. नकलीत बऱ्याचदा काळ्या डांबरासारखा थेंब ओतलेला असतो. इथे एक जपायचं: काही कमी खर्चाच्या खऱ्या कॅसेटमध्येही थेंब असतो, म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नका. दोन-तीन जुळल्या की ठरवा.

ऑनलाइन घेताना विकणाऱ्याकडून पुढचा, मागचा, फटीचा आणि आतल्या पट्टीचा असे चार फोटो मागा. "उघडायला स्क्रू ड्रायव्हर नाही" असं उत्तर महाग कॅसेटच्या बाबतीत आलं तर मी तिथेच थांबतो. खरा विकणारा दोन दिवस मागून घेतो, पण फोटो पाठवतो.

पायरी ४: अवस्था

डिस्क ट्यूबलाइटपुढे आडवी धरा. छापील बाजूने बघताना सुईच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके आरपार दिसले तर माहितीचा थर गेला आहे. सीडीत तो थर छापील बाजूच्या अगदी लगत असतो. त्यामुळे खालच्या बाजूचे बारीक ओरखडे घासून काढता येतात, वरच्या बाजूचा खोल ओरखडा मात्र कायमचा. सगळे खालचीच बाजू बघतात! मधल्या भोकाभोवती केसासारखी चीर आहे का तेही बघा.

कॅसेटवर लेबलची अवस्था सगळ्यात जास्त पैसे खाते. फाटलेलं लेबल, पेनने लिहिलेलं नाव, भाड्याच्या दुकानाचं चिकट स्टिकर. पितळी पट्ट्यांवरची काळपट घाण दोष धरू नका, ती आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानातल्या कापसाच्या काडीने निघते. लहानपणी आपण सगळ्यांनी कॅसेटमध्ये फुंकर मारली आहे. त्या फुंकरीतला ओलावा पट्ट्या गंजवतो आणि निन्टेन्डोही तेच सांगत असे. हिरवट गंज दिसला तर मात्र भाव पाडा.

खोक्याचा भाव कोपऱ्यांवर, उन्हाने उडालेल्या रंगावर आणि वासावर ठरतो. वासावर म्हणजे खरंच: कोकणात किंवा मुंबईत चार पावसाळे काढलेलं पुठ्ठ्याचं खोकं नाकाजवळ नेलं की कळतं. बुरशीचा वास जात नाही आणि शेजारच्या खोक्यांनाही लागतो. मी असा नग कितीही स्वस्त असला तरी घेत नाही.

पायरी ५: विकला गेला तो भाव

आता भाव. ओएलएक्सवर कोणी 'रेट्रो गेम, २५,०००' असं टाकलं म्हणून त्याची किंमत पंचवीस हजार होत नाही. ती त्याची इच्छा आहे. भाव म्हणजे ज्या आकड्यावर पैसे खरोखर हातातून हातात गेले तो.

ईबे या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर शोधाच्या गाळणीत 'सोल्ड आयटम्स' हा पर्याय आहे, तो लावा. 'प्राइसचार्टिंग' हे संकेतस्थळ असे झालेले सौदे गोळा करून सुटा, पूर्ण आणि नवा असे वेगळे भाव दाखवतं. अंदाजाला चांगलं आहे, पण महाग नग घेताना खाली एकेका सौद्याचा फोटो उघडून बघा, कारण सरासरीत डुप्लिकेट, फाटके आणि चुकीच्या वर्गातले नग मिसळलेले असतात.

समजा एका सुट्या कॅसेटचे गेल्या तीन महिन्यांतले सहा सौदे सापडले: ३८, ४१, ४२, ४४, ४५ आणि ९५ डॉलर. सगळ्यांची सरासरी जवळजवळ ५१ येते आणि विकणारा तोच आकडा दाखवेल. ९५ चा फोटो उघडला तर त्यात खोकं आहे. तो बाजूला काढा. उरलेल्या पाचांतला मधला ४२. हा तुमचा भाव.

पण हा भाव ईबेवरचा आहे. तिथे विकणाऱ्याच्या हातात ४२ येत नाहीत. सुमारे १३ टक्के ईबे घेतं, म्हणजे साडेपाच डॉलर. पॅकिंग आणि टपालाचे पाच धरले तर त्याला साडेएकतीस उरतात. म्हणून तोच माणूस समोर बसून रोख व्यवहार करत असेल तर ३२ आणि ४२ च्या मधला कोणताही आकडा दोघांनाही परवडतो. ३६ म्हणालात तर तुम्ही त्याला लुबाडत नाही आणि तोही तुम्हाला लुबाडत नाही. मी घासाघीस याच पट्ट्यात करतो, आणि हा हिशेब समोरच्याला उघड सांगतो. बहुतेक लोक ऐकतात.

सौदे तीनपेक्षा कमी सापडले, किंवा शेवटचा सौदा दोन वर्षांपूर्वीचा असला, तर घाई करू नका. २०२० आणि २०२१ मध्ये लोक घरात अडकले होते तेव्हा भाव झपाट्याने चढले आणि पुढे बरेच उतरले. त्या काळातला आकडा आजचा म्हणून कोणी पुढे केला तर तारीख विचारा. नव्या रूपात खेळ पुन्हा येणार अशी घोषणा झाली की जुन्या प्रतीचा भाव काही दिवस उसळतो, तेव्हाही थांबा. तो खेळ डिजिटल स्वरूपात स्वस्तात आला म्हणजे जुनी प्रत पडेलच, हाही भ्रम आहे. 'अर्थबाउंड' २०१३ पासून अधिकृतपणे डाउनलोड करता येऊ लागला, तरी कॅसेट महागच राहिली. संग्राहकाला ती वस्तू हवी असते.

ढिगाने घेताना माझा नियम सोपा आहे: त्यातले सगळ्यात चांगले तीन नग धरा, बाकीचे शून्य माना. त्या तिघांच्या भावात ढीग मिळत असेल तर उचला. वर्षागणिक निघणारे फुटबॉल-बास्केटबॉलचे खेळ ढिगात नेहमी असतात आणि ते पुढे कोणी घेत नाही.

पायरी ६: भारतात येईपर्यंतचा खर्च

वरचा ४२ डॉलरचा नग अमेरिकेतून मागवला आणि कुरिअरला २० लागले तर तो ६२ चा झाला, आणि कस्टम ड्युटी आणि जीएसटी या वाहतुकीसकटच्या किमतीवर बसतात. दर बदलत असतात, मागवायच्या दिवशीचा बघा. त्यामुळे पुण्यात कोणी तोच खरा, तपासलेला नग ४२ च्या थोडा वर सांगत असेल तर नाक मुरडू नका.

यंत्र घेत असाल तर वीज बघा. जपानी यंत्र १०० व्होल्टचं, अमेरिकी साधारण १२० चं, आपल्या भिंतीतून २३० येतात. जुनं अडॅप्टर तसंच लावलं तर जळतं. व्होल्टेज उतरवणाऱ्या स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरची किंमत सौद्यातच धरा.

आणि आपल्या माळ्यावरचं काय?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, म्हणून मनापासून उत्तर देतो. नव्वदच्या दशकात आपल्या घरांत 'टीव्ही गेम' म्हणून जे आलं ते बहुतेक निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या जपानी यंत्राची विनापरवाना नक्कल होती. १९८३ च्या फॅमिकॉमची कॅसेट ६० पिनांची, त्याच्या अमेरिकी आवृत्तीची, एनईएसची, ७२ पिनांची. आपल्या पिवळ्या, निळ्या, '९९९९९ इन १' लिहिलेल्या कॅसेट ६० पिनांच्या घडणीच्या. त्या अमाप निघाल्या, आणि जागतिक बाजारात त्यांना फारसा भाव नाही. कोणी तुमच्याकडून त्या शंभर-दोनशेला मागितल्या तर तो फसवत नाही. पण त्या विकू नका असं मी म्हणेन. भावंडांनी दिवाळीच्या सुट्टीत जिच्यावर भांडणं केली ती कॅसेट त्या दोनशे रुपयांना देऊन परत मिळत नाही.

खरोखर लक्ष ठेवावं असा भारतीय माल वेगळा आहे. नव्वदच्या दशकाच्या मध्यात शॉ वॉलेस कंपनीने सेगा या जपानी कंपनीची खेळयंत्रं भारतात विकली. त्यांची भारतीय छपाईची खोकी, वॉरंटी कार्डं, पावत्या आता क्वचित दिसतात. २००९ मध्ये प्लेस्टेशन २ वर 'हनुमान: बॉय वॉरियर' आला आणि कबड्डी, पतंगबाजीसारखे खेळ असलेला 'देसी अड्डा' आला. यांची मागणी आज लहान आहे, झालेले सौदे कमी सापडतात, म्हणून 'लाखमोलाचा' असं कोणी म्हटलं तर हसून पुढे जा. मात्र रास्त पैशात, पुस्तिकेसकट, स्वच्छ मिळाला तर मी घेतो. आपल्याकडच्या खेळांचा इतिहास कोणीतरी जपायला हवा आणि तो अकिहाबारात जपला जाणार नाही.

अमेरिकेतल्या काकांनी किंवा दुबईच्या मामांनी बॅगेतून आणलेला गेम बॉय घरात असेल तर मात्र तो वरच्या सगळ्या पायऱ्यांतून नेऊन बघा. मराठी घरांतल्या कपाटांत खऱ्या कॅसेट मला अशाच सापडल्या आहेत. आणि अशा घरातून विकत घेताना, समोरच्या काकूंना भाव माहीत नसेल तर तो त्यांना सांगा. मी फोनवर झालेले सौदे उघडून दाखवतो, मग आकडा बोलतो. दोनदा काकूंनी विकायचा विचार बदलला आणि कॅसेट नातवासाठी ठेवली. चांगलं झालं.

घेतलेल्या प्रत्येक नगाची वहीत एक ओळ लिहा: तारीख, किंमत, कुठून, आणि त्या दिवशीचा मधला भाव. पन्नास ओळी झाल्या की आकडे पाठ होतात. पावसाळ्याआधी खोकी प्लॅस्टिकच्या बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा.

गेल्या महिन्यात परत त्याच गोणपाटापुढे बसलो होतो. दोन कॅसेट होत्या. लाल पारदर्शक 'रुबी', सांगितलेला भाव दोन हजार. फटीत टॉर्च मारला, पट्टी कोरी. खाली ठेवली. शेजारी 'सुपर मारिओ ॲडव्हान्स', लेबलचा एक कोपरा उडालेला. टॉर्च मारला, नाव दिसलं. तिरकी धरली, आकडा उमटला. हा खेळ भरपूर खपलेला, भाव माफक. त्याने सहाशे म्हटलं, मी पाचशे, आणि साडेपाचशेला ती खिशात घातली.